शहराची मुद्रा कशी घडवावी

शहराला अधिकृत मुद्रा हवी असे नगरपित्यांच्या मनात आले आणि ते काम आपल्या गळ्यात पडले, तर नवे काही सुचवण्याच्या भानगडीत पडू नये. न्यूयॉर्क शहराची मुद्रा समोर ठेवावी आणि तिचे निमूटपणे अनुकरण करावे.

प्रथम ढालीवर काय काढायचे ते ठरवावे. शहराचे सद्गुण कोणते यावर चर्चा होऊ देऊ नये, कारण ती संपत नाही. येथून काय विकले जात होते एवढेच विचारावे. न्यूयॉर्कच्या ढालीवर पवनचक्कीची चार पाती तिरकी मांडली आहेत, त्यांच्या वर व खाली एकेक बीव्हर (पाण्याकाठचा केसाळ प्राणी) आहे आणि दोन्ही बाजूंना पिठाचे एकेक पिंप आहे. युरोपातील सभ्य गृहस्थांच्या टोप्यांसाठी बीव्हरची कातडी लागत असे, तर पीठ चाळून निर्यात करण्याचा मक्ता सतराव्या शतकात काही काळ या शहराकडे होता. मुद्रा १६८६ सालची. मक्ता त्यानंतर थोड्याच वर्षांत गेला, पिंपे मात्र राहिली. बीव्हरचे तर असे झाले, की शहराच्या हद्दीतून तो पार नाहीसा झाला आणि सुमारे दोनशे वर्षांनी, २००७ साली, ब्रॉन्क्स नदीत एक दिसला तेव्हा त्याची बातमी झाली. तात्पर्य, प्राणी संपला तरी चालेल, चित्र ठळक असावे.

राजवट बदलल्यास घाबरू नये. मुद्रेच्या माथ्यावर पूर्वी राजमुकुट होता; अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८४ साली तो उतरवून तेथे गरुड बसवला आणि खालच्या मालाला कोणी हात लावला नाही.

ढालीच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी करणे हे खरे कौशल्याचे काम. एका बाजूला पाण्याची खोली मोजण्याचे शिसे हातात घेतलेला खलाशी आहे आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेला मूळ रहिवासी. दोघांची उंची सारखी ठेवावी, पायाखाली एकच लॉरेलची फांदी द्यावी, म्हणजे पाहणाऱ्याला ही भागीदारीची पेढी वाटते. शहर जेथे उभे राहिले ते मॅनहॅटन बेट साठ गिल्डर (डच नाणी) किमतीच्या मालात घेतल्याचे डचांनी १६२६ साली मायदेशी कळवले होते आणि तेथील मूळ रहिवासी असलेल्या लेनापे लोकांचे वंशज आज मुख्यतः ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन व कॅनडातील ऑन्टारिओ येथे आहेत, हे तपशील मुद्रेत मावत नाहीत. जागेची अडचण असते, दुसरे काही नाही.

शेवटी साल. १९१५ साली मुद्रेला आजचे रूप देताना त्यावर १६६४ कोरले गेले, कारण त्या वर्षी इंग्रजांनी हे शहर डचांकडून घेऊन त्याचे नाव बदलले होते. पुढे १९७०च्या दशकात नगर परिषदेचे अध्यक्ष पॉल ओ'ड्वायर यांच्या पुढाकाराने तेथे डचांच्या वसाहतीचे साल म्हणून १६२५ आले आणि शहर एका ठरावाने एकोणचाळीस वर्षांनी वडीलधारे झाले. ओ'ड्वायर जन्माने आयरिश होते. इंग्रजांचे साल पुसण्याशी त्याचा काही संबंध असावा का, हे समितीत बोलू नये. आणि १६२५च्या आधी तेथे कोण राहत होते असे एखाद्या सदस्याने विचारलेच, तर त्यांचा माणूस चित्रात घेतलेला आहे, असे नम्रपणे दाखवून पुढचा विषय पुकारावा.