शिस्त काय ती नव्यांनीच पाळायची?

जजशी बोलायचं नाही. पुढच्या कुत्र्यापासून अंतर ठेवायचं. वेळेत रिंगपाशी, म्हणजे कुत्री फिरवून दाखवतात त्या आखलेल्या जागेपाशी, हजर राहायचं. निकाल लागला की जिंकणाऱ्याचं हसून अभिनंदन करायचं. डॉग शोला नव्याने उतरलेल्या माणसाला हे येता-जाता ऐकवतात. आणि ऐकवतं कोण? ज्यांनी यातलं एकही धड पाळलेलं मी पाहिलेलं नाही, ते!

आमची बिजली कारवान या देशी जातीची आहे. सांगली-सोलापूरकडे शेतावर, मेंढरांच्या कळपामागे दिसणारी ही कुत्री. उद्घाटनाच्या भाषणात हिच्यासारख्यांचं केवढं कौतुक! देशी जाती जपल्या पाहिजेत, नव्या लोकांनी पुढं आलं पाहिजे, टपाल खात्याने 2005 साली मुधोळ या देशी कुत्र्यावर तिकीट काढलं, 2020 मध्ये पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांबद्दल बोलले. टाळ्या. आणि मग देशी जातींची रिंग कधी? भर दुपारी, मांडव अर्धा रिकामा झाल्यावर.

बरं, तेही चालवून घेतलं. नंबर पुकारल्याबरोबर आम्ही आत. पण एक मोठे हँडलर, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांची कुत्री रिंगमध्ये दाखवणारे, शेजारच्या रिंगमध्ये कुणाचं तरी कुत्रं दाखवत होते, म्हणून सगळी रिंग उन्हात ताटकळत उभी. जीभ बाहेर काढून धापा टाकणारी कुत्री आणि घड्याळाकडे न बघणारे, रिंगची व्यवस्था बघणारे स्टुअर्ड. माझ्यासमोर सकाळी एका कॉलेजच्या पोराला मिनिटभर उशीर झाला, तर “गैरहजर, पुढचा” म्हणून मोकळे झाले होते. त्या पोराने भरलेली एंट्री फी काय रद्दीच्या भावाची होती का?

हे साहेब आले ते थेट बिजलीच्या मागे. धावायला सुरुवात झाली आणि त्यांची कुत्री हिच्या शेपटीला टेकेपर्यंत पुढं. मध्येच खिशातून चिकनचे तुकडे काढून आमच्या बाजूला टाकले. चुकून म्हणे! इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाच्या हातून तुकडे चुकून पडतात आणि तेसुद्धा नेमके दुसऱ्याच्या कुत्रीपुढं? बिजली वळली, चाल तुटली. जजने कागदावर काहीतरी खरडलं. मी मागं वळून “जरा अंतर ठेवा” म्हटलं, तर स्टुअर्ड माझ्यावरच डाफरले, “ताई, रिंगमध्ये बोलायचं नसतं. नवीन आहात का?”

हो, नवीन आहे. म्हणूनच नियम वाचून आलेय!

कुत्रं कोणाचं हे जजला कळू नये म्हणून दंडावर नुसता नंबर लावायचा, मालकांची नावं असलेला कॅटलॉग आधी बघू द्यायचा नाही, हा सगळा सोवळेपणा कशासाठी? पट्टा धरणाऱ्याचा चेहरा दिसतोच की. जजसाहेब आमच्याकडे आले तेव्हा दात, छाती, पाठ, झालं. त्या हँडलरकडे गेल्यावर मात्र “काय, पिल्लं कशी आहेत?” आणि खांद्यावर थाप. आदल्या रात्रीच्या जेवणाचे दोघांचे फोटो तर सगळ्यांच्या फोनवर होते. निकाल काय लागला ते सांगायला नकोच.

हा रोग जुनाच आहे म्हणा. इंग्लंडात न्यूकॅसलला 1859 साली पहिला नावाजलेला डॉग शो भरला. पॉइंटर आणि सेटर, शिकारी कुत्र्यांच्या दोनच जाती. पॉइंटरच्या एका परीक्षकाचा सेटर जिंकला आणि सेटरच्या एका परीक्षकाचा पॉइंटर! बक्षीस बंदुकांचं होतं. इथं रोझेट, म्हणजे रिबिनीचं फूल, आणि स्टीलचा कप असतो, एवढाच काय तो फरक.

हरल्याचा राग नाही हो. त्या हँडलरची कुत्री चांगली होती, छाती खोल, चाल लांब. तिला पहिला नंबर दिला म्हणून कुणाचं काही म्हणणं नाही. पण तिला जिंकायला माझ्या कुत्रीला बुजवायची गरज काय होती? आणि हे मी रिंगबाहेर शांतपणे विचारलं, तर उत्तर काय मिळावं? “अजून दोन-तीन वर्षं फिरा, ओळखी वाढवा, मग सगळं सोपं होतं. नाहीतर हँडलर लावा.” म्हणजे ज्याने तुकडे टाकले त्यालाच पैसे देऊन पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या कुत्रीपुढं तुकडे टाकायला सांगू का?

तक्रार करायची तर लेखी द्या म्हणाले. दिली. ज्यांनी हातात घेतली तेच संध्याकाळी त्या हँडलरबरोबर कप धरून फोटोत उभे.

मांडवाबाहेर ते कॉलेजचं पोरगं पिंजरा गाडीला बांधत होतं. परत येणार का विचारलं, तर नुसतं हसलं. मी मात्र पुढच्या शोला नाव देणार आहे. बिजली आणि मीच, हँडलर-बिंडलर कोणी नाही. आणि परत कुणी मागून अंगावर आलं, तर भर रिंगमध्ये जागच्या जागी थांबणार. सगळी लाइन अडली तर अडू दे.