तोंड बघून ताट

रोज आरशात बघून दाढी करणाऱ्याला आपलं तोंड पाठ असतं, असा माझा समज होता. मग बायकोने मला चेहरा वाचून आहार सांगणाऱ्या एका बाईंकडे नेलं आणि कळलं, तीस वर्षं मी या तोंडाची नुसतीच दाढी करत होतो.

बाईंनी चष्मा काढायला लावला आणि वांगं निवडावं तसं माझं तोंड उजेडात फिरवून पाहिलं. गाल म्हणजे फुप्फुसं, भुवयांच्या मधली जागा म्हणजे यकृत. मूळ चिनी वैद्यकातलं आहे म्हणे. माझ्या आतल्या सगळ्या खात्यांच्या शाखा तोंडावर उघडलेल्या होत्या आणि मालकाला पत्ता नव्हता!

मग त्यांनी डोळ्यांत पाहिलं आणि "सानपाकू!" असं काहीसं म्हणाल्या. शिंक आली असेल म्हणून मी रुमाल पुढे केला. तर तो जपानी शब्द निघाला. मॅक्रोबायोटिक, म्हणजे धान्य-भाज्यांवर भर देणाऱ्या, आहाराचे प्रवर्तक जॉर्ज ओहसावा बुबुळाखाली पांढरं दिसणं हे बिघाडाचं लक्षण मानत. आता बाई उभ्या, मी बसलेला. मान न उचलता वर बघणाऱ्या कुणाच्याही बुबुळाखाली पांढरं दिसणारच. पण हनुवटी त्यांच्या हातात असल्यामुळे मी वाद घातला नाही.

"नाकावर हे दोन लालसर वण! स्वादुपिंड थकलंय. साखर बंद."

त्या वणांचं कारण, म्हणजे माझा चष्मा, त्यांच्याच टेबलावर पडला होता.

नाकावरून माणूस जोखायची खोड जुनीच. १८३१ साली बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय डार्विनला सोबत न्यायला कचरत होता. असल्या नाकाच्या माणसात एवढ्या सफरीला लागणारा दम नसणार, अशी त्याला शंका. डार्विन पाच वर्षं फिरून आला. त्याला निदान कुणी गाजरं तरी लावली नाहीत.

मला लावली. "गालांचा रंग उडालाय" या निदानावर रोज अर्धा किलो. दीड महिन्याने रंग आला, पण तो आधी नाकाच्या शेंड्यावर, मग तळहातांवर, आणि नारिंगी. बाई खूश. "यकृत बोलायला लागलं!" म्हणाल्या आणि त्यांनी गाजराचा रसही वाढवला.

बायकोने मात्र कावीळ म्हणून डॉक्टर गाठला. त्याने माझे डोळे पाहिले. "पांढरं पांढरंच आहे. कावीळ असती तर इथेही पिवळं दिसलं असतं. गाजरं किती खाता?" आकडा ऐकून त्याने पेन खाली ठेवलं. गाजरातलं कॅरोटीन कातडीत उतरलं होतं. अपाय काही नाही, खाणं थांबवलं की हळूहळू रंग जाईल. मग त्याने खालची पापणी ओढून पंडुरोग आहे का ते बघितलं, ओठांचे कोपरे चिरलेत का तेही बघितलं.

"म्हणजे तुम्हीही तोंडच वाचता की!"

"वाचतो," तो म्हणाला, "पण शंका आली तर रक्तही काढतो." आणि काढलं.

साखर ठीक निघाली. तरी रिपोर्टवर बायकोचा विश्वास नाही, फीचे पैसे वसूल होईपर्यंत गोड बंदच. काल रात्री स्वयंपाकघरात अंधारात डबा उघडला आणि दिवा लागला.

"अहो, गाल का फुगलाय?"

"फुप्फुस आहे ते," मी बिस्किटाआडून म्हणालो.