गोधडीनं लढाई थांबते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. अमळनेर तालुक्यातल्या बायांनी मिळून शिवलेल्या शांततेच्या गोधडीवर मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ठिगळं जोडून लढाया थांबत नाहीत, सीमेवर जवान उभा आहे म्हणून या बाया निवांत शिवू शकतात, हा एक. हे परदेशी खूळ आहे, हा दुसरा.

दुसऱ्याचं उत्तर आपल्या फैजपुरातच आहे. 1936 च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. गांधीजींनी सजावटीचं काम चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोपवलं, आणि गावात मिळेल त्याच सामानातून ते करायचं ठरलं. अहिंसेच्या लढ्याला गावच्या वस्तूंनी रूप देणं खान्देशाला नवीन नाही.

पहिला आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो. गोधडीनं तोफ थांबत नाही, हे खरंच. आफ्रिकेतल्या मोझांबिक देशातलं यादवी युद्धही 1992 मध्ये तह झाल्यावर संपलं, कलेनं नाही. पण बंदुका घराघरांत, जमिनीत पुरलेल्या राहिल्या होत्या. 1995 पासून तिथल्या चर्चच्या मंडळींनी सांगायला सुरुवात केली: हत्यार आणून द्या, बदल्यात कुदळ, सायकल, शिलाई मशीन घेऊन जा. जमा झालेल्या बंदुका निकामी करून कलाकारांनी त्यांतून खुर्च्या, पक्षी, झाडं घडवली. 2001 सालची अशी एक खुर्ची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तह कागदावर झाला होता. तो घराघरांत पोचवायला असली माणसं लागली.

आपल्या बायांनी कल्पना घेतली ती अमेरिकेतली. 4 ऑगस्ट 1985 ला, हिरोशिमाला 40 वर्षं पुरी होत असताना, हजारो लोकांनी घरी भरतकाम केलेले, रंगवलेले कापडाचे तुकडे एकमेकांना बांधले आणि ती फीत पेंटागॉनभोवती, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाभोवती गुंडाळली. प्रत्येकाला प्रश्न एकच होता: अणुयुद्धात काय कायमचं गेलं, तर ते तुम्हाला सोसवणार नाही? दुसऱ्या दिवशी एकही बॉम्ब कमी झाला नाही. पण युद्धात आपलं काय जाणार, हे ज्यांना कुणी कधी विचारत नाही त्यांनी ते जाहीर सांगितलं, आणि मला त्याचंच मोल आहे.

तोच प्रश्न ओट्यावर बसलेल्या बायांना विचारला. कुणी नातवाचं झबलं दिलं, कुणी सासूच्या लुगड्याचा काठ. एका आजींनी मुलाच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा आणला. खिसा उसवला नाही, तसाच ठेवून चारी बाजूंनी बारीक धावदोरा घातला. मुलगा सैन्यात आहे. "मना पोऱ्या तठे शे," माझा पोरगा तिथं आहे, एवढंच म्हणाल्या आणि पुढचा दोरा ओवायला घेतला.

म्हणून भाऊ, एकीकडे जवान आणि दुसरीकडे शिवणाऱ्या बाया, अशी तुमची वाटणी मला मान्य नाही. लढाई नको म्हणणाऱ्यांत त्या आजी सगळ्यांत पुढे आहेत, आणि त्यांना देशाची काळजी कमी आहे असं त्यांच्यासमोर बसून कुणी म्हणू शकणार नाही. तुमचे थोरले भाऊ फौजेत होते, असं तुम्ही लिहिलंय. दिवाळीनंतर दुसरी गोधडी घालायची आहे. वहिनींना विचारा, त्यांच्या मनात असेल तर त्या काळातलं एखादं कापड पाठवा. त्याचा तुकडा कुठं जोडायचा, हे त्याच सांगतील.