‘न्यूज’ला फुल फॉर्म नाही, आणि ‘कोल्ड’ला तर नाहीच

आत्याचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. साधी सर्दी झाली होती. पण विचारलं काय, तर “अगं, कोल्ड म्हणजे फुप्फुसाचा कायमचा आजार असतो म्हणे. ग्रुपवर आलंय. मला तेच झालंय का?” मी तो मेसेज मागवून घेतला. वर्षानुवर्षं फिरणारा तोच मेसेज होता, ‘रोजच्या इंग्रजी शब्दांचे फुल फॉर्म, मुलांना नक्की दाखवा’ असा. त्यात न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ. चेस म्हणजे चॅरिअट-हॉर्स-एलिफंट-सोल्जर्स. कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज. शिवाय टी, पेन, ईट, स्माइल, जोक, एम (ध्येय या अर्थाचा), डेट, बाय अशा सगळ्यांची लांबलचक रूपं. माझ्या भाचीच्या जनरल नॉलेजच्या वहीतही हीच यादी उतरवलेली आहे आणि तिच्यावर शिक्षकांची बरोबरची खूण आहे. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

सुरुवात कोल्डपासून, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा घातक आहे.

क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज नावाचा आजार आहे, एवढं खरं. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, कुणी त्यातल्या ‘पल्मनरी’ (फुप्फुसाचा) या शब्दाऐवजी ‘लंग’ लिहितात. पण त्याचा सर्दीशी संबंध नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. सीओपीडीत श्वासनलिका आणि फुप्फुसं कायमची खराब होतात, दम लागतो, खोकला महिनोन् महिने जात नाही, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. विडी-सिगारेट हे त्याचं मोठं कारण, आणि आपल्याकडे बायकांच्या बाबतीत चुलीचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये या आजाराने जगात सुमारे ३५ लाख माणसं गेली. त्या वर्षी मृत्यूच्या कारणांत तो चौथ्या क्रमांकावर होता.

आता हा मेसेज काय करतो बघा. ज्यांना नुसती सर्दी आहे ते घाबरतात, हे एक. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना खरोखर सीओपीडी आहे त्यांना तो सांगतो की हा आजार म्हणजे सर्दीच. जन्मभर चुलीपुढे बसलेली, जिना चढताना धापा टाकणारी बाई “कोल्ड आहे, जाईल” म्हणून काढा पीत राहते. तिला फुंकर मारून करायची स्पायरोमेट्रीची तपासणी हवी असते. ती लवकर झाली तर औषधांनी त्रास आटोक्यात ठेवता येतो, उशीर झाला तर फार थोडं हातात उरतं. मुलांचं ज्ञान वाढावं म्हणून पुढे ढकललेला मेसेज आजारी माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवतो.

शब्दापुरतं सांगायचं तर कोल्ड हा थंड या अर्थाचा फार जुना इंग्रजी शब्द आहे. गारठा लागल्यावर होतं तसं नाक वाहतं म्हणून सोळाव्या शतकापासून त्या दुखण्यालाही तेच नाव मिळालं. आपली ‘सर्दी’ही तशीच, फारसीत ‘सर्द’ म्हणजे थंड. दोन्ही भाषांनी एकाच अनुभवावरून नाव ठेवलं.

उरलेल्या यादीसाठी मला एकच आधार पुरतो, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. एवढा वेळ लागला, कारण प्रत्येक शब्दाखाली तो कोणत्या साली, कोणाच्या लिखाणात, कोणत्या स्पेलिंगने आला ती वाक्यं तारखेनिशी दिलेली आहेत. फुल फॉर्म खरा की खोटा हे ठरवायला ती वाक्यंच हवीत, कारण आद्याक्षरं जुळवून शब्द बनला असेल तर ती अक्षरं पहिल्या दिवसापासून जागेवर असायला हवीत.

न्यूजची नसतात. पूर्वीच्या इंग्रजी लिखाणात हा शब्द अनेकदा एन-ई-डब्ल्यू-ई-एस असा लिहिलेला सापडतो. पश्चिम आणि दक्षिणेच्या मध्ये ही आणखी एक दिशा कुठली? ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नूव्हेल’, म्हणजे नव्या गोष्टीच म्हणतात.

टीचीही तीच गत. सॅम्युएल पेपिस या इंग्रजाने २५ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशीत आपण चहा मागवल्याचं लिहिलं आहे, आणि त्याचं स्पेलिंग आहे टी-ई-ई. मग मेसेजमधल्या ‘टेस्ट अँड एनर्जी अ‍ॅडमिटेड’मधला अ‍ॅडमिटेड कुठे गेला? हा शब्द चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या ‘ते’ या उच्चारातून डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोचला. त्याच पेयाला चीनच्या इतर भागांत ‘चा’ म्हणत, तो उच्चार आपल्याकडे येऊन चहा झाला. उद्या कुणी ‘च’ म्हणजे चव आणि ‘हा’ म्हणजे हुशारी असं सांगितलं तर आपण क्षणभरही मानणार नाही, कारण मराठी आपली आहे. इंग्रजी म्हटलं की मात्र काहीही खपतं. परकी भाषा कुठल्या तरी गुप्त संकेतांनी बनलेली असते, अशी समजूत मनात खोल बसली आहे आणि हा मेसेज तिच्यावर जगतो.

चेसच्या बाबतीत मला थोडं मागे यावं लागतं. रथ, घोडा, हत्ती आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं आणि त्यावरून आपल्या जुन्या खेळाचं नाव चतुरंग, हे खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते कुठे तरी वाचलं असणार. पण ‘चेस’ हे नाव त्यावरून आलेलं नाही. खेळ भारतातून इराणात, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात गेला. फारसी ‘शाह’, म्हणजे राजा, फ्रेंचमधून जाताना बदलत बदलत इंग्रजीत चेस झाला. बुद्धिबळात आपण ‘शह’ देतो तो याच शाहचा. एवढी देखणी गोष्ट पुसून टाकून त्या जागी चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं ठेवली आहेत.

माझा खरा राग इथे आहे. पेन म्हणजे म्हणे पॉवर एनरिच्ड इन निब. लॅटिनमध्ये ‘पेन्ना’ म्हणजे पीस. पिसाने लिहीत म्हणून पेन. त्या पेन्नाच्या मुळाशी उडण्याच्या अर्थाचा जो धातू आहे तोच संस्कृतात ‘पत्’, आणि त्यापासून ‘पत्र’, ज्याचा जुना अर्थ पंख. म्हणजे पेन आणि पत्र एका घरातले. ईट आणि संस्कृत ‘अद्’, खाणे, हेही एकाच मुळाचे, आणि अद् पासून आपलं अन्न. स्माइल आणि स्मित यांचं मूळ एक. न्यू आणि नव यांचंही. इंग्रजी आणि मराठीचं हे दूरचं नातं दोन शतकांहून जास्त काळ अभ्यासलं गेलं आहे. सहावीतल्या पोरीला ‘स्माइल’ आणि ‘स्मित’ शेजारी शेजारी लिहून दाखवले तर ती दोन्ही शब्द जन्मात विसरणार नाही. तिला आम्ही घोकायला काय देतो, तर स्वीट मेमरीज इन लिप्स एक्स्प्रेशन. हे धड इंग्रजी वाक्यसुद्धा नाही.

जोक, एम, डेट हे तिन्ही लॅटिनमधून आलेले शब्द, फुल फॉर्म कुणालाच नाही, त्यावर आणखी वेळ घालवत नाही. बाय म्हणजे म्हणे ‘बी विथ यू एव्हरीटाइम’. त्यातलं अर्धं मान्य करते. गुडबाय हे ‘गॉड बी विथ यू’चं आक्रसलेलं रूप आहे आणि बाय त्याचं शेपूट. म्हणजे ‘बी विथ यू’ त्यात कुठे तरी आहे, पण आद्याक्षरांमुळे नाही आणि ‘एव्हरीटाइम’ तर नाहीच.

याच मेसेजच्या दुसऱ्या एका आवृत्तीत वाइफचाही फुल फॉर्म आहे, भांडणाचा. तो मी इथे लिहिणार नाही. जुन्या इंग्रजीत वाइफ म्हणजे मुळात बाई. म्हणून बाळंतपणात बाईसोबत असणारी ती मिडवाइफ. बाई आणि बायको हे आपल्याकडेही जवळचेच शब्द आहेत. घराघरांतल्या ग्रुपवर, जिथे लेकी-सुना वाचतात, तिथे हे विनोद म्हणून टाकणाऱ्यांनी थांबावं.

आद्याक्षरांचे शब्द असतातच, पण बहुतेक विसाव्या शतकातले. अशा शब्दांना इंग्रजीत ‘अ‍ॅक्रोनिम’ म्हणतात, आणि तो शब्दच मुळी १९४० च्या आसपासचा आहे. मुलांच्या वहीत फुल फॉर्म हवेतच असतील तर रडार लिहा, रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग. लेझर लिहा, लाइट अ‍ॅम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन. ओके हा जुन्यांतला अपवाद, तोही लिहा. १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून ती दोन अक्षरं पहिल्यांदा छापली गेली. त्याचा अंक आहे, तारीख आहे, २३ मार्च.