बाळंतिणीचं दूध आटवायचे खात्रीशीर उपाय

घरात बाळ आलंय? अभिनंदन! पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर डिस्चार्जच्या वेळी सांगतील, फार मनावर घेऊ नका. डॉक्टर एकटे, आपण नातेवाईक अठरा. सगळ्यांनी हातभार लावला तर दोन आठवड्यांत वरच्या दुधाचा डबा घरात येतोच.

सुरुवात हॉस्पिटलपासूनच करा. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर चीक येतो, त्यात बाळाला आजारांपासून वाचवणारं सगळं असतं, पण येतो चमचा-दोन चमचे, त्यामुळे "हिला दूधच नाही" हे लगेच जाहीर करून टाका. गाईच्या चिकाचा खरवस वेलची घालून मिटक्या मारत खाणारी माणसं आपण, पण सुनेचा चीक बाळाला जड पडतो म्हणे, तो पिळून टाकायचा आणि जिभेवर मध चाटवायचा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो असं कोणी म्हणालंच तर "आम्ही नाही का वाढलो?" हे वाक्य तयार ठेवा, ते कशालाही चालतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 100 पैकी 88 च्या वर बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते जेमतेम 42 बाळांना, म्हणजे आपली माणसं वॉर्डापर्यंत पोचलेली आहेत.

घरी आल्यावर खरं काम. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं आणि नवजात बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पितं, ही गोष्ट तिला समजूच द्यायची नाही. दर वेळी नुसतं म्हणायचं, "आत्ताच तर पाजलंस, परत मागतोय? पोट भरत नाहीये गं त्याचं." मग एक बाटली फक्त रात्रीची, मग एक दुपारची, बाटली प्यायलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी, आणि मग तुम्ही विजयी मुद्रेने "बघ, म्हटलं नव्हतं?" डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, पण काकू-मावश्यांना कुठलाच कायदा लागू नाही, त्यामुळे कंपन्यांनी काळजी करू नये.

पाहुणे भरपूर बोलवा. वन बीएचके असेल तर उत्तमच. हॉलमध्ये मॅच चालू, बेडरूममध्ये आत्याबाई पाय सैल करून पडलेल्या, आणि बाळ रडायला लागलं की ती उठून कुठे जाणार, किचनमध्ये! गॅसशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून, अंगावर ओढणी, टाके ओढतायत, कुकरची तिसरी शिट्टी झाली की बाळ दचकून सोडतं आणि तेवढ्यात कोणीतरी पाण्याची बाटली घ्यायला आत येतं, "सॉरी सॉरी" म्हणतं आणि तरी फ्रिज उघडतंच. ताणाखाली, संकोचात पान्हा फुटायला वेळ लागतो. तुम्ही बाहेरून ओरडा, "झालं का? चहा टाकतेस ना?"

नवऱ्याने काय करायचं? काहीच नाही. त्याला सकाळी ऑफिस आहे ना. रात्री बाळाला उचलून तिच्याकडे देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे दूध नसलेल्या माणसालाही जमतं, हा शोध घरात लागू देऊ नका. तिने अळीवाची खीर खायची, डिंकाचे लाडू खायचे, शतावरी घ्यायची. झोप तेवढी मागायची नाही, झोपेने कुठे दूध येतं!

ऑफिसवाल्यांसाठी वेगळं. 2017 पासून 26 आठवडे पगारी रजा, ती द्यावी लागते, इलाज नाही, पण 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर लागतं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यावं लागतं, म्हणून हुशार मालकाने एकोणपन्नासावर थांबावं. पंपिंगला वॉशरूम आहेच, दाराबाहेर रांग असली की काम पटापट होतं. तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंना तर रजेचा प्रश्नच नाही, महिन्याभरात त्या परत येतात, बाळ मोठ्या बहिणीजवळ, आणि आपण मोठ्या मनाने विचारतो, "दूध पाजतेस ना गं बाळाला?"

एक मात्र सांभाळा, तिला सायन हॉस्पिटलच्या बाजूला फिरकू देऊ नका. तिथे 1989 पासून आईच्या दुधाची बँक आहे, आशियातली पहिली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. आया जास्तीचं दूध देतात, ते पाश्चराइज करून कमी दिवसांच्या, आजारी बाळांना पाजतात. शेजारच्या धारावीतून आलेल्या बाईला परक्या बाळापुरतंही दूध उरतं हे हिला कळलं तर ती विचारेल, तिथे काय वेगळं करतात? आणि मग कोणीतरी सांगेल की शेजारी बसायचं, बाळ नीट तोंडात धरतंय का बघायचं, आईला घाबरवायचं नाही. फुकटात होण्यासारखं आहे म्हणून तर जास्त धोका.

एवढं सगळं करूनही काही बायका चिवट निघतात. बाळ दीड वर्षाचं होतं, तरी पाजतायतच. तेव्हा पवित्रा बदलायचा: "अगंबाई, अजून? सवय मोड आता, कसं दिसतं ते!" जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढेही पाजा म्हणते, पण ती काय आपल्या बिल्डिंगमध्ये राहते का? आणि हिशोब सरळ ठेवा, दूध आलं तर लाडवांमुळे, नाही आलं तर तिच्यामुळे. लाडू तसेही अर्धे नवऱ्यानेच संपवलेत.