नारळ आधी, नकाशा मग

मोठ्या प्रकल्पावर नेमणूक झाली म्हणता? अभिनंदन. पहिलं काम, नारळ आणा. भूसंपादन, मातीपरीक्षण, रेल्वेची परवानगी या गोष्टी कुठे पळून जात नाहीत. पाहुण्यांची तारीख मात्र जाते. मग गोसीखुर्दचं स्मरण करून निवांत राहा. २२ एप्रिल १९८८ ला त्या धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा अंदाजे खर्च होता ३७२ कोटी. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. दचकू नका, त्यासाठी सुधारित प्रशासकीय मान्यता असते. खात्यात तिला 'सुप्रमा' म्हणतात. घरच्या मुलीचं नाव वाटतं, आणि लाडही तसेच होतात.

कामात दोन यंत्रणा असतील तर सोन्याहून पिवळं. दुसरीचं ड्रॉइंग चुकूनही मागू नका, मागणाऱ्याला कमीपणा येतो. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. रुळांवरचा भाग रेल्वेने पाडला, नवा बांधायचं काम महापालिकेकडे. शेजारचा बर्फीवाला पूल तेव्हा तिथेच उभा होता, लपून बसला नव्हता. रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे गोखले उंच झाला, बर्फीवाला होता तिथेच राहिला. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा दोघांमध्ये दीड-दोन मीटरचा फरक. घोड्यावर नवरदेव आणि खाली करवला.

आता वाचवण्याकडे वळू, कारण मान त्यातच आहे. ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण लावून, समोर स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, धरायला एक पोरगा उभा करून उंची आधीच ताडून बघता येते. पण त्या पोराला कुणी शाल दिलेली पाहिलीय? त्यापेक्षा जॅक आणा. बर्फीवाल्याखाली हायड्रॉलिक जॅक लावून त्याची एक बाजू १३९७ मिलिमीटर आणि दुसरी ६५० मिलिमीटर उचलली. (बारकावा टिपा: चूक मीटरमध्ये होते, दुरुस्ती मिलिमीटरमध्ये सांगायची.) व्हीजेटीआय या मुंबईच्या अभियांत्रिकी संस्थेतल्या तज्ज्ञांची डोकी त्यात खपली. उभा पूल असा वर घेणं फार नाजूक काम आहे आणि ज्यांनी ते केलं त्यांना माझा नमस्कार. हे एक वाक्य सरळ वाचावं. जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले आणि त्याच्या बातम्या झाल्या. लेव्हल आधीच जुळली असती तर कुणी दोन ओळी तरी छापल्या असत्या का?

उशिराचं कारण पाऊस. कोकणात जूनमध्ये पाऊस पडतो हे दरवर्षी नव्याने कळतं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि गणपतीआधी खड्डे बुजवायचं आश्वासन अजून ताजं आहे.

आढावा बैठकीत प्रगती नव्वद टक्के सांगा. शंभर म्हटलं की लोक बघायला येतात. मी एका पुलाच्या साइटवर होतो, तिथे हे नव्वद टक्के दोन दिवाळ्या टिकले. उरलेल्या दहात एका आजोबांची विहीर होती, बरोबर जोडरस्त्याच्या मधोमध. आजोबा रोज सकाळी काठावर येऊन बसायचे. साहेबांची गाडी थांबली की विचारायचे, "साहेब, मोजणीवाले कधी येणार?"

"प्रोसेसमध्ये आहे, आजोबा."

मग आजोबा त्याच विहिरीचं पाणी शेंदून साहेबांना तांब्या पुढे करायचे. साहेब घटाघटा प्यायचे. पाणी गोड होतं हो. मीही पीत होतो, आणि संध्याकाळी बार चार्टात नव्वदचा रकाना हिरवा करत होतो.

तरीही प्रकरण अंगाशी आलंच, तर बदली मागून घ्या. चार्ज देताना नव्या साहेबांना फाइली द्या, एम.बी. म्हणजे मोजमापाची वही द्या, गोडाऊनच्या चाव्या द्या. विहिरीचं काही बोलू नका. पहिल्याच सकाळी तांब्या पुढे येईल.