निपाणीकरांना उत्तर: एक्का गड्डीत की कुणाच्या हातात?

निपाणीकर साहेब,

‘ही निव्वळ भामटेगिरी. न दिसलेला पत्ता गड्डीत असो की कुणाच्या हातात, शक्यता तीच राहते,’ असं तुम्ही माझ्या पोकरवरच्या लेखाखाली लिहिलंत. लेखाचं म्हणणं इतकंच होतं: तिघंचौघं डावात असले की तुम्हाला हवा असलेला एक्का गड्डीत नसून त्यांच्याच हातात असण्याची शक्यता वाढते. शिवाय कायद्यावर एक टोला आणि लेखातल्या तक्त्याबद्दल तक्रार. तक्त्याचं बरोबर आहे, मोबाईलवर शेवटचा रकाना कापला जातो, नीट करतो. बाकी, कुणाला भामटा म्हणायच्या आधी लेख खालपर्यंत वाचायची पद्धत आमच्या बेळगावात तरी आहे. निपाणीचं तुम्ही सांगा.

आता तुमचं ते एक वाक्य. तुमच्याकडे एक्का-राजा, समोर राण्यांची जोडी. एक्क्यांची किंवा राजांची जोडी जमली तरच राण्या हरणार. उरले 48 पत्ते, त्यात तुमच्या कामाचे 6: तीन एक्के, तीन राजे. पाच पत्त्यांच्या बोर्डावर, म्हणजे मधे सगळ्यांसाठी उघडे टाकतात त्या पत्त्यांत, त्यातला निदान एक पडण्याची शक्यता 50.3 टक्के. आता तिसरा गडी आला. त्याच्याकडे गुलाम-नव्वी असेल, तर 46 पत्त्यांत 6 कामाचे, म्हणजे 52 टक्के. एक्का-गुलाम असेल तर कामाचे 5 उरतात आणि आकडा 45.3 वर येतो. त्याच्याकडेही एक्का-राजाच असेल तर 4 पत्ते, 37.9 टक्के, आणि पडलाच तरी डाव बहुधा दोघांत वाटून घ्यायचा. फायदा कुणाला? राणीवाल्याला. तुम्ही दोघं एकमेकांचे पत्ते अडवून बसता, तो गंमत बघतो.

तिसऱ्याचा हात आंधळा धरला, म्हणजे कुठलेही दोन पत्ते, तर सगळ्या शक्यतांची सरासरी पुन्हा 50.3 च येते. इतपत तुमचं वाक्य खरं. पण अहो, रेझवर पुन्हा रेझ झाल्यावर, म्हणजे बोली दोनदा वाढल्यावर, जो कॉल करून, तेवढेच लावून आत येतो, तो सत्ती-दुर्री घेऊन येतो काय ओ? लोक एक्का सोडत नाहीत. आत येणाऱ्यांचे हात एक्क्यांकडे झुकलेले असतात, म्हणून गड्डी एक्क्यांनी हलकी होते. बोली हीच माहिती. ती कानावर घ्यायची नाही आणि वर गणित शिकवायचं, हे जमणार नाही. गणपतीच्या जागरणांत पत्ते पिसत मोठे झालेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

उलट बाजूही आहे, लेखात होती. तुमच्या हातातला एक्का-राजा समोरच्यांनाही अडवतो: एक्क्यांच्या जोडीचे 6 प्रकार 3 वर येतात, राजांचे तसेच, आणि एक्का-राजाचे 16 चे 9 होतात. म्हणून एकट्या गड्याविरुद्ध हा हात दणदणीत. तिघाचौघांत, तेही सांभाळून खेळणाऱ्यांत, एक एक्का गेलाच असं धरून सहाऐवजी पाचच मोजा. अशा वेळी एकाच रंगाच्या दश्शी-नव्वीचा भाव वाढतो, कारण तिचे पत्ते कुणी दाबून बसलेलं नसतं. एकाच रंगाचे पाच पत्ते जमवायचे असले तरी तसंच: तुमचे दोन इस्पिक आणि तिसऱ्याचेही दोन, तर गड्डीत 11 नाही, 9.

कायद्याचं म्हणाल तर 2025 चा केंद्राचा कायदा पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर आहे. चिंचोके मांडून हिशेब करण्यावर नाही.

पटत नसेल तर तिघांचे मिळून हे सहा पत्ते उघडे मांडा, उरलेले 46 पिसा आणि बोर्ड टाकत बसा. पन्नास डावांनी काही कळणार नाही, निदान पाचशे टाका. मग या, पण शिव्या निपाणीतच ठेवून.